मधवाल्याचं म्हणणं

४ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार. निम्मा मामीला दे, नाहीतर विचारेल की मला का नाही.

पोचले. खोली मिळाली. खोलीला खिडकी आहे, खिडकीला काच नाही. फोनची रेंज इथे फक्त कोर्टाच्या पायऱ्यांवर येते आणि तिथे उभं राहून बोललं की पक्षकार, पोलीस आणि चहावाला मिळून ऐकतात. मी आज काय जेवले हे त्या सगळ्यांच्या साक्षीनं मामीला सांगण्यापेक्षा पत्र बरं. शिवाय तू जन्मभर कोर्टात लघुलेखक म्हणून दुसऱ्यांचं बोलणं रेघोट्यांत उतरवलंस. आता कुणी तुझ्याशी पूर्ण शब्दांत बोललं तर तुलाही बरं वाटेल.

आमच्या दारावर ‘मोफत कायदा मदत केंद्र’ अशी पाटी आहे. आत गेलं की कळतं, ही मूळची सायकली लावायची शेड. तिला तीन भिंती घातल्या आणि केंद्र केलं. टेबलाचा एक पाय तोकडा आहे, त्याखाली कायद्याचा एक जाडजूड खंड सरकवलाय. मी घाबरून काढायला गेले तर कारकून म्हणाले, राहू द्या मॅडम, त्यातला कायदा रद्द झालाय.

काम मात्र खरं आहे. तुरुंगात जायचं, वकील न परवडणाऱ्यांना भेटायचं आणि वकील फुकट मिळतो हे त्यांना पटवायचं. निम्म्याहून जास्त कैदी वरच्या डोंगरातले आदिवासी आहेत. कोर्टाची भाषा त्यांना येत नाही आणि त्यांची कोर्टाला येत नाही. त्यातून निकाल मात्र बिनचूक टाइप होऊन येतात.

त्यांच्यातल्या एकाला सगळे मुक्या म्हणतात. मध काढणारा माणूस, चाळिशी उलटलेला. जंगलखात्याच्या लाकडाच्या डेपोला आग लावली म्हणून पाच वर्षांची शिक्षा झाली. सरकारनं दिलेल्या वकिलानं त्याच्यासाठी दोन वाक्यं म्हटली, दया दाखवावी वगैरे. निकालात लिहिलंय, ‘आरोपीनं काहीही सांगण्यास नकार दिला.’ झाली सुनावणी! अपिलाची मुदत उलटलीय, पण उशीर माफ करून घेता येईल. तुरुंगाच्या शिपायाला त्यांची भाषा मोडकीतोडकी येते, त्याला बरोबर घेतलं आणि मी त्या माणसाला अर्धा तास सगळं समजावलं. अपील म्हणजे काय, मी कशी बाजू मांडेन, त्याच्या वतीनं काय काय बोलेन, पैसा कसा लागणार नाही. शेवटी वकीलपत्र पुढे केलं आणि अंगठ्यासाठी शाईचं पॅड उघडलं. त्यानं दोन्ही हात पाठीमागे नेले आणि तसाच उभा राहिला.

शिपाई म्हणतो, मॅडम, त्याला सुटायचंच नाही. असं कसं असेल? उद्या पुन्हा जाऊन आणखी नीट समजावते. तू मला ओळखतोसच.

तुझी टकळी


९ फेब्रुवारी

चि. टकळी,

आशीर्वाद पुष्कळ आहेत, लागतील तसे घे.

तुझं पत्र आधी मामीनं वाचलं आणि मग मला वाचून दाखवलं. ‘इथली हवा छान आहे आणि मामीची फार आठवण येते’ हे ऐकून बरं वाटलं. नंतर मी स्वतः वाचलं तेव्हा ते तू लिहिलेलंच नव्हतंस.

मी तुला ओळखतो. दाताच्या डॉक्टरनं तोंडात चिमटा घातलेला असतानाही तू त्याला शाळेतलं सांगत होतीस. म्हणूनच एक गोष्ट लिहितो, राग मानू नकोस. तुझ्या पत्रात तू बोललीस, शिपाई बोलला, कारकून बोलला, जुना वकील बोलला, निकालसुद्धा बोलला. त्या मध काढणाऱ्याचं एकही वाक्य नाही. माझी नोकरी अशीच गेली बघ. वकील बोलायचे, साहेब बोलायचे, पोलीस बोलायचे आणि मी भराभर उतरवून घ्यायचो. ज्याचा खटला, तो कठड्याला धरून उभा. आता खुर्चीत बसल्याबसल्या त्या कठड्याला धरलेले हात तेवढे आठवतात, बाकीचं एवढं उतरवलेलं काही आठवत नाही.

तेव्हा एक दिवस गप्प बसून बघ. तुला जमेल का, याबद्दल मला दाट शंका आहे. आणि तुरुंगाचा शिपाई दुभाषी म्हणून नेऊ नकोस. ज्याच्या कमरेला किल्ल्या, त्याच्या तोंडून कोण आपलं मन मोकळं करील?

घरी सगळं ठीक. मला दवाखान्यात नेलं होतं. कुठे दुखतं असं डॉक्टरांनी मला विचारलं. मी तोंड उघडेपर्यंत मामीनं डावा गुडघा, उजवा गुडघा आणि माझा हट्टी स्वभाव असं क्रमानं सांगून टाकलं. दुखत होता खांदा. पण आता गुडघ्याचं मलम घरी आलंय तर लावतोय, गुडघे खूश आहेत.

तुझा मामा

ता. क. मी मामी. यांचं काही ऐकू नकोस, गुडघे दुखतातच त्यांचे, चालताना दिसतं मला. काच बसवून घे आधी. माझ्या शिवणाच्या क्लासला एक बाई येतात, त्यांचे मिस्टर मोठे वकील आहेत, ऑफिसात जागा निघालीय, लिफ्ट आहे, कॉफीचं मशीन आहे. शेडमध्ये बसायला का शिकलीस तू एवढं? मी बघते काय ते, तू निश्चिंत राहा.


२५ फेब्रुवारी

मामा,

जमलं! अख्खा एक तास. जीभ दुखतेय, पण जमलं.

इथल्या इस्पितळात एक नर्स आहे, सगळे तिला सिस्टर म्हणतात. तीही वरच्या डोंगरातलीच, पन्नाशीची, बोलणं कमी आणि जरब भारी. सुट्टीच्या दिवशी ती माझ्याबरोबर तुरुंगात आली. मुलाखतीच्या खोलीत जाळीच्या अलीकडे बाक आहे, त्यावर बसलो. मी वहीसुद्धा काढली नाही. ती दोघं आधी कुठल्या झऱ्याच्या वरचं घर, कुणाची मुलगी, कुणाची म्हैस दरीत गेली, असं बराच वेळ बोलत होती. मग त्यानं माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं आणि सिस्टरला हसू आलं. म्हणाला होता, ही बाई आज आजारी आहे का?

आणि मग तो बोलला. मुका कसला, मामा! बोलायला लागला की थांबत नाही, माझ्याच जातकुळीतला आहे.

आधी हे ऐक. त्यांच्याकडे माणूस मेला की त्याला माती देण्याआधी भाऊ नाहीतर मित्र उभा राहतो आणि त्याच्या वतीनं बोलतो. याचं कुणाशी काही भांडण उरलेलं नाही, याचं चुकलं असेल ते पोटात घाला, असं. जिवंत माणसाच्या वतीनं मात्र कुणी बोलत नाही. आई लेकराच्या वतीनंसुद्धा नाही. लेकराला भूक लागली की त्याचं ते रडतं, त्यासाठी त्याला घसा दिलाय, असं म्हणतात.

आता तो पहिला खटला डोळ्यांपुढे आण. हा कठड्यात, मागच्या बाकावर बायको आणि भाऊ. अनोळखी कोट घातलेला एक माणूस उठतो, याच्याकडे हात करतो आणि याच्या वतीनं बोलतो, याचं चुकलं असेल ते पोटात घाला. दाराशी उभ्या पट्टेवाल्याला थोडी भाषा येत होती, त्यानं त्या दोघांना ते सांगितलं. बायको उठली, भाऊ उठला, एकदाही मागे न बघता दोघं निघून गेली. ‘मी त्यांना जाताना बघितलं, तेव्हा कळलं की मी गेलो,’ असं तो म्हणाला. मग साहेबांनी विचारलं, तुला काही सांगायचंय? मेलेला माणूस काय सांगणार? तो गप्प राहिला. तेव्हापासून त्याला भेटायला कुणी आलेलं नाही. मी वकीलपत्र पुढे करून ‘मी तुमच्या वतीनं बोलेन’ असं अर्धा तास सांगत होते. त्याला पुन्हा एकदा पुरायला आलेली दुसरी कोटवाली!

आगीचंही सांगितलं. आग लागली होती ती खालच्या रस्त्याकडून. वारा वर येत होता. मध्ये डेपो आणि डेपोच्या वर यांची घरं. मधवाल्यांना धूर आणि आग हाताळायची सवय असते. यानं डेपोच्या मागचं गवत आपणच पेटवून एक पट्टा जाळून ठेवला, म्हणजे मोठी आग तिथवर आली की तिला खायला काही उरू नये. ती तिथे येऊन विझली. निम्मा डेपो वाचला, घरं वाचली, आणि रखवालदारानं बघितला तो हातात पेटता पलिता घेतलेला हा माणूस. रखवालदार खोटं बोललेला नाही. पलिता का पेटवला हे कोर्टात कुणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तरी हा तोवर मेलेला होता.

मला रडू आलं. तुझ्यापासून लपवत नाही. सिस्टरनं रुमाल दिला आणि म्हणाली, आता नाक पुसा आणि कायद्यात काय बसतं ते सांगा.

बसतं, मामा. कैद्याला वकिलाशिवाय स्वतः तुरुंगातून अपील करता येतं. अंगठा तो वकीलपत्रावर देणार नाही, पण स्वतःच्या अर्जावर देईल. त्यात मागायचं एकच, माझं म्हणणं मला माझ्या तोंडानं, माझ्या भाषेत सांगू द्या. दुभाष्याचं काय, हे मी भीतभीतच विचारलं. तो म्हणाला, निरोप पोचवणं वेगळं, निरोप्या आपल्या मागे उभा राहतो आणि आपण बोललो तेवढंच पुढे नेतो. म्हणजे सिस्टर चालेल.

मी तिथे काय करणार, असं विचारशील. बसणार.

तुझी (गप्प) टकळी


६ मार्च

चि. सोनुली,

हे पत्र मीच लिहितेय, यांना सांगितलेलं नाही, ते बँकेत गेलेत. तुझं रडण्याचं पत्र वाचलं आणि हातातलं शिवण बाजूला ठेवलं. बिनकाचेच्या खोलीत राहायचं, तुरुंगात बसायचं आणि वर रडायचं, यासाठी तुला वाढवलं का आम्ही? तुझी आई असती तर तिनंही हेच केलं असतं म्हणून मी केलं. त्या वकिलांकडे स्वतः गेले, बरोबर तुझ्या मार्कांचे कागद नेले. माणूस भला आहे. म्हणाले, मुलगी हुशार दिसते, एक एप्रिलपासून येऊ दे. तिला विचारून सांगता का, असंही म्हणाले. मी म्हटलं विचारायचं काय त्यात, तिच्या वतीनं मीच हो म्हणते. झालं काम! तीस तारखेपर्यंत ये. तुझी खोली झाडून घेतली, तुझ्यासाठी दोन चांगले कुडते शिवायला घेतलेत, निळा आणि राखाडी, ऑफिसात शोभतील असे. तो मध काढणारा बिचारा आहे खरा, पण त्याच्यासाठी दुसरं कुणीतरी बघेल की. आल्यावर बोलू.

तुझी मामी


१२ मार्च

मामी,

तुझं पत्र मी कोर्टाच्या पायरीवर वाचलं आणि तिथल्या तिथे तुला फोन लावला, पण तू उचलायच्या आत मीच ठेवून दिला. चहावाला फार उत्सुक दिसत होता.

मला राग आलाय. लिहूनच टाकते, म्हणजे तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. राग नोकरीचा नाही. कॉफीच्या मशीनचा तर मुळीच नाही. तू ‘तिच्या वतीनं हो’ म्हणालीस आणि मी इथे पायरीवर उभी होते, चांगली हातीपायी धड, तोंड असलेली. तुझ्या त्या भल्या वकिलांच्या खोलीत माझ्या आयुष्याचं ठरलं आणि मी तिथे नव्हतेच. तू हे मायेनं केलंस हे मला माहीत आहे, म्हणून तर रागावून झाल्यावर रडू आलं. (पुन्हा रडले. हे वाचून पुन्हा कुणाकडे जाऊ नकोस.)

मग टेबलाशी बसून त्याचा अर्ज वाचत होते आणि एकदम लक्षात आलं की त्याला काय वाटलं असेल. मी ते सिस्टरकडून ऐकलं होतं, कागदावर लिहिलंही होतं. पण अंगावर आलं ते तुझ्या पत्रानं. तेव्हा तुझे आभारच मानायला हवेत, थोडे कमी रागानं.

त्याचा अर्ज मंजूर झालाय. वरच्या कोर्टाच्या न्यायाधीशबाईंनी उशीर माफ केला आणि त्याचं म्हणणं ऐकायला दोन एप्रिल ही तारीख दिली. त्या दिवशी मी इथेच असणार. त्यानंतरही असणार, कारण त्याच्या बराकीतल्या आणखी तिघांनी सिस्टरला निरोप धाडलाय की ती न बोलणारी वकीलबाई आम्हालाही पाहिजे. आयुष्यात मला अशी पदवी कुणी दिली नव्हती.

मी इथे सुखात आहे, मामी. खरंच. दमते, पण सकाळी उठले की जावंसं वाटतं. त्या वकिलांना मी स्वतः लिहीन.

निळा कुडता पाठव. इथेही शोभेल.

तुझी सोनुली


२० मार्च

चि. टकळी,

आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून घरात फार शांतता आहे. मामी दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली, म्हणजे इतर बायका बोलतात तेवढं. तिसऱ्या दिवशी चप्पल घालून निघाली. संध्याकाळी सांगितलं, त्या वकिलांकडे गेले होते. त्यांना म्हणाली, मी मुलीच्या वतीनं हो म्हटलं होतं, ते परत घेते. तिच्या मनात काय आहे ते ती सांगेल, मला काही माहीत नाही. वकील म्हणाले, बाई, असं माझ्याकडे येऊन पहिल्यांदाच कुणी म्हणालं. सांगताना तिचे डोळे भरले आणि मग तिनं मला उगाचच दोन गोष्टींवरून झापलं. तेव्हा जिवात जीव आला.

पण खरी गंमत दवाखान्यात झाली. पुन्हा तपासायला बोलावलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, आता कसं वाटतंय? खोलीत शांतता! मी सवयीनं मामीकडे बघितलं, ती पंख्याकडे बघत होती. डॉक्टरांनीही तिच्याकडे बघितलं. शेवटी मला बोलावं लागलं. एवढ्या वर्षांनी बोलायचं म्हणजे शब्द सापडेनात. उजवा खांदा, इथून इथपर्यंत, हात वर केला की कळ येते, असं कसंबसं सांगितलं. घरी येताना मामी म्हणाली, खांदा दुखत होता तर बोलला का नाहीत? मी औषधांची पिशवी डाव्या खांद्याला लावली आणि चालू लागलो, संसार आहे.

आता कामाचं. तुझ्या त्या मधवाल्याचं म्हणणं उतरवून घेणारा माझ्यासारखाच कुणी असेल. आम्हाला खोड असते, समोरचा म्हणतो ‘मी पेटवलं’ आणि आम्ही लिहितो ‘आरोपीचे म्हणणे असे की त्याने पेटवले’. न्यायाधीशबाईंना आधीच विनंती कर, ‘मी’ला ‘मी’च लिहू द्या म्हणावं. वाचणाऱ्याला मग तो माणूस समोर दिसतो.

त्याची बायको येणार आहे का?

तुझा मामा

मामीसाठी खाली जागा सोडली आहे, बघू.

काच बसवलीस का?


१८ एप्रिल

मामा आणि मामी,

सुटला! हे आधी सांगून टाकते, नाहीतर मामी मधली पानं सोडून शेवटचं पान उलटेल. शिक्षा रद्द, निर्दोष. निकाल आज दुपारी लागला. मी निळा कुडता घातला होता.

आता सावकाश वाचा.

दोन तारखेला काय काय झालं ते निकालात नीट लिहिलंय. नकाशा काढला, रखवालदाराला पुन्हा बोलावलं, डेपो रस्त्याच्या बाजूनं जळाला होता आणि मागची बाजू, जिथे याला पकडलं ती, शाबूत होती हे दिसलं. प्रत मिळाली की मामाला पाठवते. ‘मी’ला ‘मी’च लिहिलंय. मी तुम्हाला निकालात नसलेलं सांगते.

बायको येणार का, असं मामानं विचारलं होतं. सिस्टरनं वर निरोप पाठवला होता. ती आली. भाऊ आला नाही. तीही आत येईना, व्हरांड्यात दाराबाहेरच्या बाकावर पाठ करून बसली. सिस्टर समजवायला गेली तर म्हणाली, आत माझं कोण आहे? तू बोलावलंस म्हणून आले, बसते, संध्याकाळच्या गाडीनं जाईन. सिस्टर परत आली तेव्हा तिचं तोंड उतरलेलं होतं. मधवाल्यानं एकदा दाराकडे बघितलं आणि मग पुन्हा बघितलं नाही.

पुकारा झाला. तो कठड्यात गेला, सिस्टर त्याच्या मागे उभी राहिली. पट्टेवाला म्हणाला, दुभाष्यांनी समोर उभं राहायचं असतं. न्यायाधीशबाई म्हणाल्या, राहू द्या, मला त्यांचाच चेहरा बघायचाय. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले आणि जीभ दाताखाली धरली.

त्यानं सुरुवात हळू केली. मी डोंगरात राहतो, मी मध काढतो, असं. आवाज फुटत नव्हता. अशाच एका कठड्यात तो पहिल्या खटल्यात गप्प झाला होता, आता पुन्हा बोलायचं म्हणजे किती जड गेलं असेल. हळूहळू आवाज मोकळा झाला. आग कशी आली ते सांगताना तो हात करून दाखवायला लागला, इथे रस्ता, इथे डेपो, इथे आमचं छप्पर. सरकारी वकिलांनीसुद्धा लिहायचं थांबवलं. त्याचा आवाज उघड्या दारातून व्हरांड्यात जात होता. मला दारातून तिची पाठ दिसत होती. ती पाठ आधी ताठ झाली. मग ती बाकावर आडवी वळून बसली. मग उठून उंबऱ्यापाशी आली आणि चौकटीला धरून उभी राहिली. पट्टेवाल्यानं तिला अडवलं नाही.

तो सांगत होता, त्या दिवशी मी झाडाखाली होतो, धूर आधी मी पाहिला.

आणि दारातून आवाज आला, एवढा मोठा की टेबलावरचे कागद दचकले असतील. सिस्टर गोंधळली, तिनं दोघांकडे बघितलं. न्यायाधीशबाई म्हणाल्या, कोण आहे, काय म्हणतात त्या?

सिस्टर म्हणाली, “बाई, त्यांची बायको आहे. ती म्हणते, खोटं! धूर मी पाहिला. हा झाडावर चढला होता, डोकं पोळ्यात. मी खालून हाका मारून घसा बसवला, तेव्हा हा उतरला. पलिता पेटवायच्या कितीतरी आधी.”

सरकारी वकील उठले, शपथ नाही, साक्षीदारांच्या यादीत नाव नाही. बरोबरच होतं त्यांचं. तिची साक्ष नंतर शपथ देऊन रीतसर घेतली आणि निकाल तिच्यावरच फिरला, कारण धूर आधी आणि पलिता नंतर हे सांगणारं दुसरं कुणी नव्हतंच. मलाही उठून बोलायचं होतं, मामा, पाय निम्मे सरळ झाले होते. बसले.

पण ती दोघं कुणाकडेच बघत नव्हती. तो कठड्यात वळून उभा राहिला होता, पाठ कोर्टाकडे आणि तोंड तिच्याकडे. म्हणाला, तू हाका मारत होतीस त्या बकरीला! ती म्हणाली, बकरी बांधलेली होती, तुझ्यासारखी मोकाट नव्हती. तो म्हणाला, बांधली असती तर भावाचा भोपळा कुणी खाल्ला? ती दोन पावलं आत आली. म्हणाली, भोपळ्याचं काढू नकोस, आणि दाढी केवढी वाढवलीस, तिथे वस्तरा देत नाहीत का तुला? सिस्टर बिचारी एकदा याचं, एकदा तिचं, वाक्यामागून वाक्य पुढे नेत होती. मग ती थांबली. तिला बोलवेना. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

“काय झालं?” न्यायाधीशबाईंनी विचारलं.

“काही नाही, बाई. ती त्याच्याशी भांडतेय. आमच्याकडे मेलेल्या माणसाशी कुणी भांडत नाही.”

न्यायाधीशबाईंनी हात वर करून लघुलेखकाला थांबवलं आणि त्या दोघांना भांडू दिलं.

तुमची टकळी